पहिल्या लॅपमध्ये गेलेले चार सेकंद

केस एका पोराची आहे. बीड जिल्ह्यातला, आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, डावा पाय गुडघ्याखालून नाही, लहान असताना उसाच्या ट्रॉलीवरून पडला तेव्हा गेला. शिकायला संभाजीनगरला आला, रूमवर राहतो, आमच्या सायकल ग्रुपसोबत रोडवर पळायला लागला आणि वर्षभरात धडधाकट पोरांना मागं टाकू लागला. नाव देत नाही, त्याला ते नकोय.

झालं असं की दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियमच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, पॅरा सायकलिंगची ट्रायल होती. इव्हेंट १ किलोमीटर टाइम ट्रायल, म्हणजे ट्रॅकवाले ज्याला नुसतं 'किलो' म्हणतात तो. एकटा रायडर, उभ्यानं स्टार्ट, घड्याळ चालू, चार लॅप, संपलं. हा ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला, २५० मीटरचा, लाकडी, वळणावर चाळीस अंशांच्या वर चढ. आमच्या पोराची वेळ आली १ मिनिट २३.९ सेकंद. रोडवरचे त्याचे आकडे बघता १:२० च्या आसपास यायला पाहिजे होती. आता नुसती टोटल बघितली तर वाटतं की पोरगं कमी पडलं, पण लॅप सुटे करून बघा. पहिला २७.५, दुसरा १८.२, तिसरा १८.६, चौथा १९.६. एकदा पळायला लागल्यावर त्याचं सगळं ठीक होतं. जे काय वाटोळं झालं ते पहिल्या लॅपमध्येच झालं, आणि त्यातही पहिल्या वळणाच्या आत.

तिथं जमलेल्या लोकांनी लगेच निदान करून टाकलं. एक जण म्हणाला, घाबरला. दुसरा म्हणाला, खेड्यातलं लेकरू, लाकडी बँकिंग, म्हणजे वळणावरचा तो चढ, पहिल्यांदा बघितलं, हबकलं असेल. तिसऱ्यानं जिद्द वाढवायचा सल्ला दिला. मला या जिद्द शब्दाची आता ॲलर्जी झालीय, कारण अपंग खेळाडू जिंकला की जिद्द, हरला की जिद्द कमी, आणि दोन्ही वेळेला शाल-श्रीफळ देऊन मोकळं, त्याच्या पायात काय घातलंय ते वाकून बघायला कुणाला टाइम नसतो. घाबरलेला रायडर वळणावर स्पीड कमी करतो किंवा वर-खाली भरकटतो, आणि या पोराचे नंतरचे तीन लॅप ट्रॅकच्या आतल्या कडेच्या काळ्या रेषेला चिकटून होते. भीतीचं काही नव्हतं.

ज्यांना या खेळाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅरा सायकलिंगमध्ये चार प्रकार आहेत, साधी सायकल म्हणजे सी, तीनचाकी म्हणजे टी, हातानं चालवायची हँडसायकल म्हणजे एच, आणि दृष्टिहीनांची टँडम, म्हणजे दोघांनी चालवायची सायकल, ती बी, ज्यात पुढं डोळस पायलट असतो. ट्रॅकवर फक्त सी आणि बी. टी आणि एच रोडवरच. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी लई मनापासून त्याला तीनचाकी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती, त्यांना समजावताना नाकी नऊ आले की काका, ती घेतली तर याचा ट्रॅकच बंद होईल. सी मध्ये परत पाच वर्ग, सी-१ सगळ्यात जास्त अडचण, सी-५ सगळ्यात कमी. एक पाय गुडघ्याखालून नाही आणि कृत्रिम पाय लावून चालवतो, तो साधारण सी-४ मध्ये बसतो. २०२४ ला पॅरिसला आपल्या महाराष्ट्राची ज्योती गडेरिया आणि आंध्रचा अर्शद शेख गेले, पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग करणारे भारताचे पहिले दोघं, ते दोघंही सी-२ चे. त्यांच्या ट्रॅकवरच्या टाइम ट्रायलमध्ये सी-१ ते सी-३ एकत्र पळतात आणि वर्गाप्रमाणे वेळेला फॅक्टर लावून निकाल काढतात, त्यामुळं टीव्हीवर दिसणारी वेळ आणि निकालातली वेळ वेगळी दिसते, तेव्हा आमच्या ग्रुपवर यावरून रात्रभर वाद झाला होता.

अजून एक घोळ टक्केवारीचा. आपल्याकडं युडीआयडी कार्डावरची, म्हणजे सरकारी अपंगत्वाच्या कार्डावरची, टक्केवारी म्हणजे सगळं काही, ४० टक्के झाले की योजना, पास, आरक्षण. पोराच्या चुलत्यानं मला फोन करून विचारलं होतं, "सर, टक्के जरा वाढवून आणले तर वरचा नंबर भेटंल का?" त्यांचा दोष नाही, आयुष्यभर त्यांनी तेच बघितलंय. पण सायकलिंगचं क्लासिफिकेशन त्या टक्क्यांवर चालत नाही. डॉक्टरी कागद बघतात, मग टेबलावर ताकद आणि हालचाल तपासतात, सायकलवर बसवून बघतात, आणि शर्यतीतही लक्ष ठेवतात. कार्डावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

आता मूळ मुद्दा. ट्रॅकची सायकल फिक्स्ड गिअरची असते, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही म्हणजे पॅडल थांबवून नुसती गाडी सोडता येत नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. किलोला मागचं चाक स्टार्टिंग गेटमध्ये अडकवलेलं असतं, दहा सेकंदांवर एक बीप, मग शेवटचे पाच बीप, आणि गेट सुटलं की रायडरनं जागेवरून गाडी ओढायची. त्याचा गिअर ४९ बाय १५ होता, म्हणजे पुढं ४९ दात आणि मागं १५, पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल ६.९ मीटरच्या आसपास पुढं जाते. हा गिअर जागेवरून उठवणं म्हणजे पहिल्या दोन-तीन पॅडलला सगळं अंग लावावं लागतं. हात हँडल वर ओढतात, कंबर पुढं फेकायची, पुढचा पाय खाली दाबतो आणि मागचा पाय वर खेचतो. हे 'वर खेचतो' लक्षात ठेवा.

त्यानं पुढं ठेवला चांगला उजवा पाय. बरोबरच आहे, सगळे तसंच करतात. पण त्याचा अर्थ असा की पहिल्याच पॅडलला कृत्रिम पाय खालून वर खेचला जाणार. आम्ही मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हळू करून बघितला. पहिल्या पॅडलला डाव्या बाजूला सॉकेटची, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिची, वरची कड मांडीच्या चामड्यापासून खाली सरकताना स्पष्ट दिसते, बोटभर नाही, पण दिसते. मग तोच पाय वरून खाली दाबायला आला तेव्हा आधी ती पोकळी भरली आणि मग जोर पॅडलपर्यंत पोचला. परत वर, परत पोकळी. चार-पाच पॅडल असंच. मग तो सीटवर बसला, फेरे वाढले, जोर कमी लागायला लागला, आणि पाय कसाबसा जागेवर राहिला. पोराला विचारलं तर तो म्हणला, "सर, दांडा ढिला झालेल्या कोयत्यासारखं व्हायलंय. मारतो जोरात, पण लागत नाही." मी पुढं प्रोस्थेटिस्ट मॅडमना, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या मॅडमना, हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांना लगेच कळलं.

त्याचा पाय शिबिरात मिळालेला जयपूर फूटच्या पद्धतीचा आहे, गुडघ्याच्या वर पट्ट्यानं धरलेला. त्या पायाबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. जयपूरला साठच्या दशकाच्या शेवटी रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो केला तोच मुळी अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून आणि उकिडवं बसणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या माणसासाठी. आमचा पोरगा त्याच पायावर वावरात पाणी देतो, विहिरीत उतरतो. पण चालताना काय होतं, शरीराचं वजन दर पावलाला स्टंपला, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाला, सॉकेटच्या आत ढकलतं. पट्ट्याला फक्त पाय हवेत असतानाचं त्याचं स्वतःचं वजन धरायचं असतं. किलोच्या स्टार्टला उलटं, सगळा जोर स्टंप बाहेर ओढायला लागतो, आणि फिक्स्ड गिअरमुळं पुढं हजार मीटरमध्ये साधारण १४५ वेळा तो पाय वर खेचला जातो, मधे आराम नाही. रोडवर हे कधी जाणवलं नव्हतं कारण रोडवर तो चालत्या गाडीत बसून जोर लावायचा, जागेवरून सुटायची वेळ येत नाही आणि फ्रीव्हील असतं.

दुसरं म्हणजे रबरी फूट. बुटाच्या पुढच्या भागात क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारी पट्टी, लावलेली, आणि पंजा रबराचा, म्हणजे दाबला की आधी रबर वाकणार. चालताना हेच वाकणं पायाला सोयीचं असतं, स्टार्टला ते वेळ खातं.

पण मला खटकत होतं की संभाजीनगरला सराव करताना पाय इतका ढिला कधी पडला नव्हता. याचं उत्तर मॅडमकडं मिळालं, आणि या केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तोच आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दिल्लीला गेलात कसे? म्हणलं सचखंड एक्सप्रेसनं. स्लीपरला. पाय काढून झोपला होता का? हो, काढूनच, सायकलच्या डब्याशेजारी ठेवून, जवळजवळ सगळा प्रवास. मग त्या म्हणाल्या की पाय काढून ठेवला की स्टंप फुगतो, आणि घालून वापरला की हळूहळू उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाय घातला तेव्हा घट्ट बसला, म्हणून स्टंपवर घालायच्या नेहमीच्या दोन सुती मोज्यांपैकी, म्हणजे स्टंप सॉक्सपैकी, एक कमी केला. मग रोलर्सवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या रुळांवर) वॉर्मअप, घाम, मग नंबर यायची वाट बघत खुर्चीवर, त्यात पाय घातलेलाच. गेटवर उभा राहिला तोवर स्टंप उतरलेला आणि सॉक एकच. पट्टा ओढून घट्ट केला होता, पण पट्टा वरून धरतो, आतली पोकळी थोडीच भरतो.

म्हणजे मॅटर काय होता, तर एक मोजा. चार सेकंद गेले त्यातला मोठा वाटा एका सुती मोज्याचा, आणि आम्ही तिथं धैर्यावर भाषणं ऐकत होतो.

इथं कुणी म्हणेल की मग परत स्टार्ट मागायचा. नियम तसा नाही. टायर पंक्चर झालं, पडलात, सायकलचा महत्त्वाचा भाग तुटला, तर रीस्टार्ट मिळतो. पाय पॅडलवरून निसटला किंवा काही नीट आवळलेलं नव्हतं, तर तो तुमचा प्रश्न. यात मोठमोठे सुद्धा अडकलेत. लंडन २०१२ च्या पॅरालिम्पिकला ब्रिटनचा जोडी कंडी, तोही सी-४ चाच, एक पाय गुडघ्याखालून नाही, किलोचा फेव्हरेट, गेटमधून सुटताना त्याचं मागचं चाक घसरलं, त्यानं गेटला दोष दिला, अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही, रीस्टार्ट नाही, निकालात वेळच नाही. तो तिथंच भडकला, घरच्या प्रेक्षकांसमोर, नंतर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पर्स्यूटमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या लांब अंतराच्या शर्यतीत, ब्राँझ घेतलं आणि चार वर्षांनी रिओला किलोचं गोल्ड. हा माणूस आधी पॅरालिम्पिकचा स्विमर होता, पोहण्यातही गोल्ड आहेत त्याची, ते असो. आमच्या पोराला मी हा किस्सा सांगितला तर त्याचा प्रश्न होता, "त्याचा पाय कसा बसवलाय, ते सांगा की." योग्य प्रश्न.

मग काय केलं. सगळ्यात आदर्श म्हणजे सिलिकॉनचा लायनर आणि खाली पिन-लॉक, ज्यात लायनर स्टंपला चिकटून राहतो आणि त्याच्या तळाची पिन सॉकेटमध्ये अडकते. पण त्याची किंमत ऐकून त्याचे वडील गप्प बसले, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा मोठा तुकडा त्यात गेला असता आणि लायनर काही जन्मभर टिकत नाही, झिजतो, बदलावा लागतो. म्हणून मॅडमनी मधला रस्ता काढला. सॉकेटच्या बाहेरून मांडीपर्यंत ओढायची स्लीव्ह, ती हवा आत जाऊ देत नाही त्यामुळं वर खेचताना सॉकेट सुटत नाही. गुडघ्यामागं सॉकेटची कड थोडी उतरवली, कारण पाय वर आला की ती टोचायची आणि तो नकळत कंबर वाकडी करायचा. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, १७० वरून १६५ मिलिमीटरचे केले, गुडघा कमी वाकावा म्हणून. आणि सायकलसाठी बूट आणि पंजा दोन्हीला सुट्टी. पायाच्या नळीच्या तळाला ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर थेट क्लीट. ही प्लेट वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतली, त्या मिस्त्रीनं आधी विचारलं की हे कोणत्या मशीनचं आहे, मग पैसे घेतले नाहीत.

मोज्याचं वेगळंच वेळापत्रक केलं. प्रवासात रात्री स्टंपवर घट्ट क्रेप बँडेज, सकाळी उठल्या उठल्या पाय घालायचा, आणि वॉर्मअप झाल्यावर पाय काढून, पुसून, बोटानं अंदाज घेऊन सॉक वाढवायचा, मगच गेटकडं जायचं. आमच्या मे महिन्याच्या उन्हात हे अजून अवघड होतं, स्लीव्हच्या आत पाणी साचतं, दर अर्ध्या तासाला उघडून पुसावं लागतं, नाहीतर चामडं सोलतं आणि मग आठवडाभर सायकल बंद.

राहिला सराव. मराठवाड्यात वेलोड्रोम नाही, जवळचा म्हणजे पुण्याचा बालेवाडीचा, तो सिमेंटचा. बँकिंगची सवय इथं बसून लागणार नाही हे मान्य करून टाकलं. पण स्टार्टला बँकिंग लागतच नाही, सरळ साठ-सत्तर मीटर सपाट रस्ता पुरतो, आणि तो आपल्याकडं भरपूर आहे. शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक शहराचे रस्ते सकाळी एवढे मोकळे असतात की कुत्रं आडवं आलं तरच अडचण. त्याच मिस्त्रीकडून अँगलचं एक स्टँड करून घेतलं, मागचं चाक धरतं, खटका ओढला की सोडतं. बीप मोबाइलवर रेकॉर्ड केले. सायकलला रस्त्यापुरता पुढचा ब्रेक लावला. सुरुवातीला तर सायकल न सोडता नुसतं पहिलं पॅडलच, सॉकेट सरकतं का बघायला. एकदा त्याच्या आईचा कारखान्यावरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो गेटमध्ये उभा होता, मागं उसाचा फड दिसायला आणि माय विचारायली, "सर, ते लोखंडात कशाला अडकवलंव त्याला?"

काही महिन्यांनी परत दिल्ली, तोच ट्रॅक. गिअर मुद्दाम तोच ठेवला, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. पहिला लॅप २३.४. दुसरा १८.१, तिसरा १८.७, चौथा २०.२. टोटल १:२०.४. पहिल्या लॅपला चार सेकंद परत आले, त्यातले सहा दशांश सेकंद शेवटच्या लॅपमध्ये गेले, कारण सुरुवातीला खरंच जोर लागला की शेवटी पाय जड होणारच, आधी तो जोर पॅडलपर्यंत पोचतच नव्हता.

इथं आमच्यात मतभेद आहेत. ग्रुपमधले बरेच जण म्हणतात आता किलोच धरायचा, अजून सेकंद निघतील. माझं म्हणणं वेगळं आहे. टोकियोला स्पेनच्या अल्फोन्सो काबेलोनं सी-४ आणि सी-५ च्या एकत्र किलोत १ मिनिट १ सेकंदाच्या घरात वेळ दिली. १:२० आणि १:०१ मधलं अंतर मोज्यानं, स्लीव्हनं, स्टँडनं भरत नाही, त्याला स्प्रिंटरचं अंग लागतं. हे पोरगं तासन् तास एका लयीत चालवणारं आहे, घाटात उजळतं. त्याच्यासाठी पर्स्यूट आहे, सी-४ पुरुषांना पॅरिसला ४ किलोमीटर होता, म्हणजे सोळा लॅप, तिथं स्टार्टला सेकंद इकडंतिकडं झाला तरी भरून काढायला जागा असते. पण पर्स्यूटला उलटा प्रश्न येतो, फिक्स्ड गिअरवर चारपट वेळा पाय वर खेचला जाणार, तोही घामात, म्हणजे तिथं स्लीव्ह पुरणार नाही आणि लायनरचा विषय परत समोर येतो. मॅडमचं मत पण तेच पडलं.

पोराचं मत विचारलं तर तो म्हणतो दोन्ही करतो. वय आहे, म्हणणारच.

क्लासिफिकेशन अजून बाकी आहे. इथं त्याला सी-४ धरून पळवतात, पण आंतरराष्ट्रीय दर्जा हा यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, ठरावीक स्पर्धेत त्यांचे क्लासिफायर तपासतील तेव्हाच, आणि त्यासाठी परदेशी जाणं आलं, पासपोर्ट आला, सायकलचा डबा विमानात टाकणं आलं. नवीन प्लेटवाला पाय लावूनच तिथं बसायचं, जुना घालून तपासणी द्यायची नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, कारण ज्या पायानं शर्यत करणार त्याच पायानं त्यांनी बघितलं पाहिजे. लायनरसाठी सध्या दोन ठिकाणी अर्ज केलेत. पासपोर्टची पोलीस पडताळणी गावाकडच्या पत्त्यावर अडकलीय, कारण हवालदार गेले तेव्हा घराला कुलूप होतं, घरचे सगळे कारखान्यावर. आता कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये ते परत आले की होईल.